आंघोळीच्या पाण्याला राजाश्रय

राजाश्रय कवीला मिळतो, गवयाला मिळतो, मल्लाला मिळतो, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. घंगाळभर ऊन पाण्यालाही तो मिळाला आहे असे कोणी म्हटले, तर वाचक हसतील. परंतु गोष्ट खरी आहे. गेल्या चार दशकांत दिल्लीच्या सरकारने, आणि त्याच्या पाठोपाठ राज्य सरकारांनी व महापालिकांनी, आपल्या न्हाणीतले पाणी कशावर तापावे या प्रश्नात जातीने लक्ष घातले. त्यासाठी खजिन्यातून रोकड दिली, कर्जावरचे व्याज सोसले, घरपट्टीत सूट दिली, आणि एके दिवशी हात आखडताही घेतला. नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला उटणे चोपडून पहिल्या तांब्याची वाट पाहणाऱ्या कुटुंबाला हा इतिहास सांगावा, याहून चांगला मुहूर्त मला दिसत नाही.

इतिहास म्हटला की आम्हा सोपाऱ्याच्या माणसांना फार मागे जाण्याची खोड असते. मी नालासोपाऱ्याच्या पश्चिमेला राहतो आणि एकतीस वर्षे मुलांना इतिहास शिकवून निवृत्त झालो आहे. तेव्हा माझ्यात ती दुप्पट आहे. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली येथला 'बुरुड राजाचा कोट' उकरला आणि त्या टेकाडाखालून बौद्ध स्तूप निघाला. त्याच साली अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा हाती लागला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली भुईगावास मिळाला. हे सारे येथील मुलांना पाठ असते. मला मात्र आजच्या विषयापुरता जवळचा वाटतो तो अशोकाहून बराच धाकटा असा एक मनुष्य, शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात.

नाशिकच्या पांडवलेण्यांत या उषवदाताचे लेख आहेत. त्यांत त्याने आपल्या दानांची यादी दिली आहे आणि त्या यादीत शोर्पारग, म्हणजे आपले सोपारे, पुन्हा पुन्हा येते. येथे त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृह बांधले. पारदा, दमण, तापी, दाहनुका अशा नद्यांवर लोकांना फुकट तर चालवली. नानंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडे त्याने चार ठिकाणच्या चरक-परिषदांना दिली. त्यांतली एक परिषद सोपाऱ्याच्या रामतीर्थावर होती. (नानंगोल म्हणजे उंबरगावाजवळचे नारगोळ, असे अभ्यासक समजतात.) बत्तीस हजार माडांखाली वर्षाकाठी किती झावळ्या, किती सोडणे आणि किती करवंट्या पडतात याचा हिशेब आमच्या वाडीवाल्यांनी करावा. एवढे खरे, की त्या साधूंना सरपणाची ददात पडली नसावी.

पण या लेखांतला मला सर्वांत आवडणारा भाग व्याजाचा आहे. उषवदाताने गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या एका श्रेणीत २,००० कार्षापण दरमहा शेकडा एक या दराने ठेवले, आणि दुसऱ्या श्रेणीत १,००० कार्षापण दरमहा शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज वर्षाला २४० होते. आणि लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यावेत, असे लेख सांगतो. वीस बारे दोनशे चाळीस. पैला पै जुळते! दुसऱ्या रकमेचे वर्षाचे नव्वद कार्षापण भिक्षूंच्या किरकोळ खर्चाला. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज भोगायचे, अशी स्पष्ट अट आहे. चीवर दरवर्षी फाटते हे या राजजामाताला ठाऊक होते, म्हणून त्याने कापड वाटले नाही. कापड दरवर्षी मिळत राहील अशी सोय केली. वाचकांनी ही गोष्ट मनात ठेवावी. पुढे चुलींच्या प्रकरणात तिची आठवण येईल.

आता जरा आजच्या विलायतेकडे पाहू. माझी एक भाची यॉर्कशायरमधल्या लीड्स शहरी असते. तिने मागे कळवले की, घर तापवण्याचे नवे यंत्र बसवायला तिला सरकार ७,५०० पौंड देणार आहे. पत्र वाचून तिची आजी म्हणाली, "घर तापवायचे? इथे आम्ही घर थंड कसे राहील ते बघतो!" म्हातारीचे चुकले नाही. आपल्या भाषेत भाकरी तापते, दूध तापते, ताप आलेल्या मुलाचे अंग तापते आणि मे महिन्यात पत्र्याचे घर तापते; हौसेने घर तापवण्यासाठी आपल्याजवळ शब्दच नाही. घाटावर हिवाळ्यात कोळशाची शेगडी मधे घेऊन बसत, तेवढीच आपली ऊब. परंतु बर्फाच्या मुलखात घरखर्चातला मोठा वाटा या उबेत जातो. म्हणून इंग्लंड आणि वेल्समध्ये मे २०२२ पासून, गॅसचा बॉयलर काढून उष्णतेचा पंप बसवणाऱ्याला सरकारी मदत सुरू झाली. आरंभी ती ५,००० पौंड होती, ऑक्टोबर २०२३ मध्ये ७,५०० झाली. हा पंप म्हणजे उलटा चालणारा फ्रीज. फ्रीज आतली उष्णता बाहेर टाकतो, हा बाहेरच्या गार हवेतली उष्णता उपसून घरात आणतो. उष्णता निर्माण करण्यापेक्षा ती वाहून आणणे स्वस्त पडते. त्यामुळे विजेचे एक युनिट खर्चून तीन युनिटांच्या आसपास ऊब पदरात पडते. यंत्र महाग असते, म्हणून सरकार पहिला धक्का देते.

आपल्या कोकणात उबेचा सारा व्यवहार चूल आणि न्हाणी या दोन जागी आटोपतो. न्हाणीचा राजा म्हणजे तांब्याचा बंब. नव्या पिढीने तो हॉटेलच्या दारात शोभेला ठेवलेला पाहिला असेल. मधोमध नळकांडे, त्यात लाकडाच्या ढलप्या आणि शेणी टाकायच्या, खाली जाळी, जाळीखाली राख, आणि नळकांड्याभोवती चहूकडून पाणी. वरून एक तपेले गार पाणी ओतले की तोटीतून तेवढेच कढत पाणी बाहेर. जाळ पाण्याच्या पोटात असल्यामुळे त्याची धग वाया जात नाही. कोण्या अनामिक तांबटाने केलेली ही रचना उघड्या चुलीपेक्षा किती शहाणपणाची होती, हे थोड्या हिशेबाने कळते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ४,००० किलोकॅलरीच्या आसपास उष्णता असते. तीन दगडांच्या उघड्या चुलीवर तिच्यातली दहा टक्क्यांच्या आसपासच भांड्याला लागते. बाकीची वाऱ्याला, धुराला आणि रांधणारीच्या डोळ्यांना. म्हणजे एक किलो लाकडात एक बादली पाणी वीस अंशांनी तापणार. घरात सहा माणसे असली, की रोज सहा किलो लाकूड नुसते आंघोळीला!

हे लाकूड कोठून येई? समुद्राकडच्या वाड्यांत झावळ्या-करवंट्यांवर निभे. स्टेशनाकडच्या लोकांना तुंगारेश्वराच्या डोंगरातून मोळ्या घेऊन उतरणाऱ्या आदिवासी बाया आणि लाकडाच्या वखारी. राज्यसत्तेचा आणि आपल्या चुलीचा पहिला संबंध आला तो या जंगलाच्या वाटेने, आणि तो प्रेमाचा नव्हता. मराठेशाहीत उत्तेजनाची रीत होती, नाही असे नाही: पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्याला कौल मिळे, पहिली काही साले सारा नाममात्र आणि पुढे सालोसाल चढता. त्याला इस्तावा म्हणत. इंग्रजांनी तगाईचे कायदे १८८३ आणि १८८४ साली केले. पण कौल, इस्तावा, तगाई, सारे शेताच्या बांधापर्यंत येऊन थांबले. घराचा उंबरठा त्यांनी ओलांडला नाही. सरपणाच्या बाबतीत तर इंग्रजी अंमलाने उत्तेजनाऐवजी बंदीच आणली. राखीव जंगलांच्या नियमांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जळणाची आणि राबाची इतकी ओरड झाली, की १८८५ साली मुंबई सरकारला चौकशीसाठी खास मंडळ नेमावे लागले.

स्वयंपाकघरात पाऊल टाकले ते गांधीजींच्या माणसांनी. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योग संघाच्या कार्यकर्त्यांनी धुराडे असलेली 'मगन चूल' तयार केली. हैदराबादचे डॉ. एस. पी. राजू यांनी निर्धूर चुलीचा असाच एक नमुना सिद्ध करून १९५३ साली त्यावर पुस्तिका लिहिली. ही माणसे प्रचार करीत, पैसे वाटीत नसत. वाटायला त्यांच्याजवळ होतेच काय?

पैसे आले ते तेलाच्या टंचाईनंतर. १९७३ साली अरब देशांनी तेलाची तोटी आवळली आणि जगभरच्या अर्थमंत्र्यांना एकाएकी घराघरातल्या आचेची काळजी वाटू लागली. अमेरिकेत १९७८ साली घर बंदिस्त करणाऱ्याला आणि सूर्यावर पाणी तापवणाऱ्याला प्राप्तिकरात सवलत मिळाली. जून १९७९ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी खुद्द व्हाइट हाउसच्या छपरावर पाणी तापवण्याच्या बत्तीस पेट्या बसवून घेतल्या. पुढे तेल स्वस्त झाले. १९८५ अखेर ती सूर्याची सवलत संपली आणि १९८६ साली छपरावरच्या पेट्याही उतरल्या. आपल्याकडे १९८३ च्या अखेरीस राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम निघाला. चुलीच्या किमतीतला निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा सरकारचा, उरलेला घरवालीचा. चूल बांधून देणाऱ्या कार्यकर्त्याला दर चुलीमागे मेहनताना. २००२ साली हा कार्यक्रम केंद्राने आवरता घेतला तोवर देशात तीन कोटींहून अधिक चुली बसल्याची नोंद झाली होती.

त्यांतली एक माझ्या आत्याच्या घरी बसली. आत्याचे सासर निर्मळच्या बाजूला, केळी-नारळाच्या वाडीत. १९८७ च्या सुमारास एक मुलगी आली, दिवसभर खपून तिने मातीची सुबक दोन तोंडांची चूल घातली, सिमेंटचे धुराडे छपराबाहेर काढले आणि वहीवर आत्याचा अंगठा घेऊन गेली. महिनाभर घर खरोखरच धुराविना राहिले. आत्या ते कौतुकाने सर्वांना सांगे. मग लक्षात आले की आंघोळीचा हंडा चुलीच्या तोंडावर बसतच नाही. आत्याने कोयत्याच्या मुठीने तोंड मोठे केले. जाळ भडकू लागला, पण धूर आता धुराड्याऐवजी पुढून येऊ लागला. पहिल्या पावसात धुराड्याची टोपी उडाली, आत पाणी उतरले. दुरुस्तीला कोणी येईना, कारण दुरुस्तीसाठी कोणालाच मेहनताना नव्हता. मी विचारले तेव्हा आत्या म्हणाली, "अरे बाळा, चूल सरकारची, पण हंडा माझ्या सासूचा. चूल घालण्याआधी हंडा मोजायला नको होता का?"

देशभर पुढे ज्या पाहण्या झाल्या त्यांनी आत्याचेच म्हणणे जड भाषेत मांडले. चुली मोजल्या गेल्या त्या बसवताना. दोन वर्षांनी किती जळत आहेत हे मोजण्याची निकड कोणाला वाटली नाही, आणि पाहिले तेव्हा पुष्कळशा मोडल्या किंवा सोडून दिल्या होत्या. चीनने त्याच दशकात बारा कोटींहून अधिक चुली बसवल्या. तेथे किमतीचा मोठा भाग घरवालेच भरीत. सरकारचा पैसा मुख्यतः कारागिरांचे शिक्षण, कारखाने आणि तपासणी यांवर खर्च झाला. आपण वस्तूला पैसा दिला, त्यांनी वस्तू घडवणाऱ्याला दिला. उषवदाताच्या भाषेत बोलायचे तर आपण चीवर वाटले आणि कोष्ट्यांच्या श्रेणीत काहीच ठेवले नाही. महाराष्ट्रात हा धडा घेतला तो डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ साली पुण्यात स्थापलेल्या 'आरती' या संस्थेने. तिने कुंभारांना साचे दिले, चूल घडवण्याबरोबर ती बाजारात विकण्याचेही शिकवले. गिऱ्हाइकाने पैसे मोजून घेतलेली चूल बिघडली, तर ते कुंभाराच्या दारात जाऊन भांडते. हे भांडण फार मोलाचे.

गोबर गॅसची कथा याहून वेगळी आणि थोडी आमच्या रेल्वेलाइनवरची आहे. कुजणाऱ्या घाणीतून जळणारा वायू काढण्याचा एक फार जुना प्रयोग मुंबईतच, माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली झाला. पुढे जशभाई पटेल यांनी शेणावर चालणाऱ्या, तरंगत्या टोपीच्या संयंत्राचा नमुना बसवला. खादी ग्रामोद्योग आयोगाने १९६० नंतर तो हाती घेतला, आणि त्याचे संशोधन चाले ते बोरिवलीच्या कोरा केंद्रात. १९८१-८२ पासून राष्ट्रीय कार्यक्रम झाला, अनुदान बांधून दिले गेले. पण एक घनमीटर वायूला रोज पंचवीस किलो शेण लागते. चार-पाच गुरे ज्याच्या गोठ्यात, त्यालाच हे अनुदान पचणार. ज्याची एक गाय, त्याच्या बायकोने शेणी थापाव्यात हेच खरे. अनुदान सर्वांसाठी असते. ते घेता येण्याची ऐपत सर्वांची नसते. (आमच्याजवळ गास नावाचे गाव आहे. तेथे सिलिंडर पोचला तेव्हा 'गासात गॅस आला' हा विनोद प्रत्येकाने निदान दहा वेळा ऐकला असेल. मी तो अकराव्यांदा करतो.)

सिलिंडरचे तसे नाही, तो सगळीकडे गेला. मुंबईत बर्मा-शेलचा 'बर्शेन' १९५५ च्या सुमारास सुरू झाला. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना निघाली, जोडणीमागे १,६०० रुपये सरकारचे. आणि आठ कोटीव्या जोडणीचा सोहळा सप्टेंबर २०१९ मध्ये औरंगाबादेस, आजच्या छत्रपती संभाजीनगरास झाला. योजना मोठी, यात वाद नाही. पण जोडणी एकदाच घ्यायची आणि सिलिंडर दर महिन्याला भरायचा. ही चीवराचीच गोष्ट! ती ध्यानात आल्यावर मे २०२२ पासून उज्ज्वलेच्या सिलिंडरमागे २०० रुपये आणि ऑक्टोबर २०२३ पासून ३०० रुपये देण्यात आले. तरीही तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यांवर जाऊन पाहा: भाकरी-कालवण गॅसवर होते, पण अंगणात तीन दगडांवर काळाकुट्ट हंडा चढलेलाच असतो. आंघोळीच्या पाण्यावर सिलिंडर जाळणे कोणाही गृहिणीच्या जिवावर येते. घरातल्या साऱ्या विस्तवांत लाकडाला शेवटपर्यंत धरून राहतो तो न्हाणीचाच विस्तव.

आता सूर्याकडे येतो. सूर्यावर पाणी तापवण्याचे यंत्र अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी १८९१ साली पेटंट करून बाजारात आणले, म्हणजे कल्पना काही नवी नाही. काळ्या रंगाच्या नळ्या, त्यांवर काच, वर टाकी. तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी खाली येते, पंप लागत नाही. टाकीला जाड वेष्टण असल्यामुळे दुपारचे पाणी पहाटेपर्यंत कढत राहते. सरकारी मराठीने याला 'सौर बंब' हे नाव दिले. सरकारी मराठीने घडवलेल्या शब्दांत इतका गोड शब्द क्वचितच सापडेल. हा मी बंबाच्या अनामिक तांबटाचा सन्मानच समजतो.

सौर बंबाला सरकारने नाना रीतींनी हात दिला. आरंभी किमतीत थेट अनुदान; मग स्वस्त कर्ज; २००५ नंतर तर घरगुती ग्राहकाला बँकेचे कर्ज दोन टक्क्यांनी मिळे, वरचे व्याज सरकार भरी. जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर मोहीम निघाली. तिच्यात ३० टक्के अनुदान किंवा पाच टक्क्यांनी कर्ज, दोहोंतले एक घ्यावे, असे ठरले. काचेच्या नळ्यांच्या बंबाला दर चौरस मीटरमागे ३,००० रुपये मिळत. पुणे महापालिकेने सौर बंब, पावसाचे पाणी साठवणे, गांडूळखत यांपैकी एक करणाऱ्याला घरपट्टीत पाच टक्के आणि दोन करणाऱ्याला दहा टक्के सूट ठेवली. कर्नाटकात बंब असलेल्या घराला वीजबिलात युनिटमागे ५० पैसे, महिन्याला फार तर ५० रुपये, अशी सूट मिळत आली. बेळगावची मराठी घरेही तिची धनी. परदेशात मला बार्बाडोसचे फार कौतुक वाटते. क्रिकेटमुळे आपल्या ओळखीच्या या चिमुकल्या बेटाने १९७४ साली सौर बंबाच्या सामानावरची जकात उठवली आणि विजेच्या बंबावर ३० टक्के कर बसवला. १९८० साली बंबाचा खर्च प्राप्तिकरातून वजा करू दिला. इस्रायलने १९८० साली पैसे देण्याऐवजी कायदाच केला: नवे घर बांधाल तर सौर बंब बसवाच.

आमच्या इमारतीत हा प्रश्न २०१२ साली आला. चार मजले, सोळा बिऱ्हाडे. हिशेब मी मांडला. चौघांच्या कुटुंबाला रोज ऐंशी लिटर ऊन पाणी. पंचवीस अंशांवरून चाळीसवर न्यायला १,२०० किलोकॅलरी, म्हणजे १.४ युनिट वीज. युनिटला आठ रुपये धरले तर दिवसाला अकरा रुपये. पावसाळ्यात सूर्य नसतो खरा, पण तेव्हा कोकणात पाणीही फारसे गार नसते. ज्या महिन्यांत आपण कुडकुडतो, त्याच महिन्यांत ऊन लख्ख असते. यंत्राची किंमत पाच वर्षांत भरून निघणार, अनुदानामुळे चार. सर्वांनी माना डोलावल्या.

मग तळमजल्यावरच्या काकूंनी विचारले, "माझ्या नळाला ऊन पाणी येईपर्यंत पाइपातले गार पाणी किती सोडायचे?" मोजून पाहिले, तर दीड बादली निघाले. नालासोपाऱ्यात दीड बादली पाणी म्हणजे काय, ते ज्याने टँकरमागे धावून पाहिले आहे त्यालाच कळेल. आमच्या शहराला पाणी येते ते मुख्यतः सूर्या धरणाचे. सूर्याचेच पाणी सूर्यानेच तापवायचे, ही कविकल्पना मी सभेत मांडून पाहिली, पण काकू बधल्या नाहीत. अखेर वरच्या दोन मजल्यांवरच्या आठ कुटुंबांनीच बंब घेतला: ५०० आणि ३०० लिटरच्या दोन टाक्या, बारा चौरस मीटर. शेजारच्या एका इमारतीत विक्रेत्याने अनुदान वजा करण्याआधी किंमतच तेवढ्याने वाढवून सांगितली होती. तेथे अनुदान दिल्लीहून निघाले आणि थेट त्या गृहस्थाच्या खिशात उतरले. आम्ही तीन ठिकाणचे भाव घेतले, पूर्ण रक्कम भरली, आणि अनुदानाचे ३६,००० रुपये मागाहून आले.

त्या पैशांचे काय करावे यावर पुन्हा सभा. बहुतेकांना प्रत्येकी साडेचार हजार वाटून हवे होते, आणि दिवाळी तोंडावर होती. मी त्यांना नाशिकच्या लेण्यातले ते वीस बारे दोनशे चाळीस ऐकवले. बोअरचे खारट पाणी टाकीत चढते तेव्हा नळ्यांत क्षार बसतात, वर्षातून एकदा ते आम्लाने धुवावे लागतात, माकडांनी-पतंगांनी एखादी काच फुटते. हा खर्च दरवर्षी कोण देणार? रक्कम बँकेत मुदतठेवीत गेली. आरंभी वर्षाला तीन हजारांच्या आसपास व्याज येई आणि साफसफाई भागे. पुढे व्याजाचे दर उतरले आणि थोडी वर्गणी काढावी लागते. पण बंब चालू आहे. त्या सुमारास आमच्या गल्लीत बसलेल्या इतर बंबांपैकी कित्येकांच्या टाक्यांत आज कबुतरांचे संसार आहेत.

दिल्लीने सौर बंबाचे अनुदान २०१४ साली बंद केले. बाजार आता आपल्या पायांवर उभा आहे, असा युक्तिवाद होता. काही अंशी तो पटण्यासारखाही आहे. पण नंतर १८ जुलै २०२२ पासून त्याच बंबावरचा जीएसटी पाचाचा बारा टक्के झाला, तो मला पटला नाही. ज्याला पाठुंगळीवर घेतले होते त्याला खाली उतरवणे वेगळे आणि उतरवून त्याच्याच डोक्यावर गाठोडे ठेवणे वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून कर पुन्हा पाच टक्क्यांवर आला.

आता राजाश्रय गेला आहे तो विजेच्या सौर पाट्यांकडे. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पीएम सूर्यघर' योजना निघाली. स्वतःच्या घरावर दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३०,००० रुपये, तीन किंवा अधिक किलोवॅटला एकूण ७८,०००; आणि गृहसंस्थांच्या जिन्यातले दिवे-पंप यांसाठी किलोवॅटला १८,००० रुपये. येथे आमच्या गावाची खरी अडचण उभी राहते. अनुदान मागायला छप्पर आपल्या नावावर पाहिजे. २०११ च्या शिरगणतीतच वसई-विरार शहराची वस्ती बारा लाखांवर गेली होती. त्यांतले किती लोक चाळीत, भाड्याच्या खोलीत, कन्व्हेयन्स न झालेल्या इमारतीत राहतात, हे येथे फिरून आलेल्यास सांगायला नको. नालासोपारा पूर्वेला अग्रवाल नगरीत कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखलेल्या जागेवर उभ्या राहिलेल्या ४१ अनधिकृत इमारती न्यायालयाच्या हुकमाने २०२५ च्या आरंभी पाडून झाल्या. त्या घरांत पैसे मोजून आलेली कुटुंबे होती. त्यांना सौर पाटीवरचे किलोवॅटचे दर सांगायला जाणारा माणूस मला तरी पाहायचा नाही. उन्हाला सातबारा लागत नाही, अनुदानाला लागतो. भाडेकरूला, चाळकऱ्याला आणि पाड्यावरच्या बाईला पोचेल असे काही काढायचे असेल, तर ते छपरावर न बसता हातात उचलून नेता येईल असे हवे: चांगली चूल, चांगला हंडा, कमी वीज खाणारे साधन. अशा गोष्टींना फीत कापायचा समारंभ होत नाही, एवढाच त्यांचा दोष.

आमचे छप्पर सुदैवाने आमच्या नावावर आहे. तेव्हा आता तळमजल्याच्या काकूंनीच अर्ज दिला आहे, की गच्चीवर विजेच्या पाट्या बसवाव्यात. जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप सर्वांचा असल्यामुळे त्यात सोळाही घरांचा फायदा आहे, वरच्या आठांचाच नव्हे. म्हणणे बिनतोड आहे. पण एका किलोवॅटला शंभर चौरस फूट मोकळी, सावली नसलेली जागा लागते, आणि गच्चीच्या दक्षिण बाजूची सर्वांत चांगली जागा आमच्या दोन टाक्यांनी अडवली आहे. टाक्या उत्तरेला सरकवल्या तर त्यांच्यावर जिन्याच्या खोलीची सावली पडते. न सरकवल्या तर पाट्या पाच किलोवॅटच्या ऐवजी तीनच बसतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी सभा ठेवली आहे. तोवर एकदा दुपारी गच्चीवर जाऊन सावल्या मोजायच्या आहेत. टेप माझ्याकडे आहे, आणि दुसरे टोक धरायला काकू येणार आहेत.